टेबल अंगणातले, खिळा कोणता?



आखाड्यावर किंवा अंगणात, लिंबाच्या सावलीला एक लाकडी टेबल असावे, असे पुष्कळांना वाटते. बाभळीच्या, सागाच्या जुन्या फळ्या घरात पडलेल्या असतात. लाकूड आपण पारखून घेतो. जोडायला मात्र हाताला लागेल तो खिळा ठोकतो. टेबल दगा देते ते तिथेच.

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, मग पावसाची झड लागते. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते. लांबीत नावापुरते, रुंदीत अधिक. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची धाव ढिली पडते ती यामुळेच. खिळ्याची पकड घर्षणाची, ती अशाने सुटते. स्क्रूचे आटे लाकडात रुततात. म्हणून फळ्यांना स्क्रू लावावेत. पायांच्या सांध्यांवर सगळा भार असतो. तिथे आरपार नट-बोल्ट आणि रुंद वॉशर हवेत. ढिले झाले तर पान्याने आवळता येतात.

आता धातू. साधे लोखंड गंजते. शिवाय बाभळीत टॅनिन असते. ओल्या लाकडात त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळे डाग उमटतात. चकचकीत मुलाम्याच्या स्क्रूवर जस्ताचा थर पातळ असतो, तो घरातल्या कामापुरता. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला करडा, खरबरीत बोल्ट बाहेर बराच टिकतो. स्टेनलेस घ्यायचे तर 304 प्रतीचे मागा. 316 हे कोकणच्या खाऱ्या हवेसाठी. इथे तो खर्च नको. चुंबक चिकटत नाही एवढ्यावर विसंबू नका. लवकर गंजणाऱ्या 202 लाही तो फारसा चिकटत नाही.

फळी 20 मिलिमीटर जाडीची असेल तर स्क्रू 50 मिलिमीटरचा घ्या. आधी बारीक भोक पाडा, आट्यांना मेण चोळा. रुंद फळी मधोमध पक्की करा; कडेची भोके थोडी मोठी ठेवून वॉशर लावा. फळीला हलायला जागा राहिली की ती तडकत नाही.

या टेबलावर वडीलधारी माणसे टेकतात, पोरे चढतात. म्हणून मृगाआधी आणि दिवाळीला प्रत्येक सांधा हलवून पाहा. ढिला असेल तेवढाच आवळा. स्क्रू-बोल्टांत वाचवलेले पैसे पोराच्या पडण्यापुढे काहीच नाहीत.