पाहुणा मजूर आणि यजमान देश

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



परदेशांतून मजूर आणणाऱ्या भांडवलदाराला हवी असते केवळ श्रमशक्ती. परंतु ती माणसावेगळी मिळत नाही, आणि माणसामागे संसार असतो. पश्चिम जर्मनीने 1961 साली तुर्कस्तानशी करार केला तेव्हा मजुरांनी दोन वर्षे राबून परत जावे, अशी अट होती. शिकवून तयार केलेला कामगार घालवणे कारखानदारांनाच परवडेना. 1964 मध्ये अट गेली. ‘पाहुणा’ हे नाव तेवढे राहिले!

ऑगस्ट 1973 मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी संप केला. नोव्हेंबरात, तेलसंकट पुढे करून, सरकारने भरतीच थांबवली. परिणाम उलटा झाला. एकदा गेलो तर पुन्हा प्रवेश नाही, हे ओळखून कामगारांनी बायकामुलांना बोलावून घेतले. 1980 पर्यंत परदेशी मजूर घटले, परदेशी लोकसंख्या मात्र वाढली. तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांना जन्माच्या आधारे नागरिकत्व मिळण्याची वाट 2000 साली उघडली.

आखाती राज्यकर्त्यांनी हा संसारच रोखून धरला आहे. कतारमध्ये नागरिक सुमारे 10 ते 12 टक्के. एकूण लोकसंख्येत पुरुष 70 टक्क्यांहून अधिक. कारण उघड आहे: तुटपुंज्या पगाराच्या मजुराला कुटुंब आणता येत नाही, आणि कामगार संघटना स्थापण्याचा हक्क कायद्याने केवळ नागरिकांना आहे. या मजुरांत आपले लाखो देशबांधव आहेत. त्यांचे तारुण्य दोहाच्या जनगणनेत मोजले जाते. म्हातारपण केरळ, तेलंगण, बिहारमधील गावांच्या वाट्याला येते.