विद्युत्घटांतील आग आणि ज्वालारोधक द्रव्यें



नवेगाव बांधसारख्या गावींहि आतां विजेच्या स्कूटरी आल्या आहेत, आणि रात्रीं त्या ओसरीवर चार्जिंगला लावलेल्या असतात. मार्च २०२२ मध्यें पुण्यांत उभ्या असलेल्या अशा एका स्कूटरनें पेट घेतला. त्याच सुमारास वेल्लोर येथें चार्जिंगला लावलेली गाडी पेटून बाप व लेक धुरानें गुदमरून मरण पावलीं. तेव्हां ही आग लागते कशी, आणि ती आवरतां येते काय, याचा आज थोडा विचार करूं.

लिथियम-आयन बॅटरीच्या दोन ध्रुवांमध्यें एक द्रव असतो. पाणी तेथें चालत नाहीं, कारण चारएक व्होल्टच्या दाबाखालीं त्याचें विघटन होतें. म्हणून सेंद्रिय कार्बोनेट घेऊन त्यांत लिथियमचें लवण विरघळवितात. यांपैकीं डायमेथिल कार्बोनेटची वाफ सुमारें १८ अंशांवरच ठिणगीनें पेटूं शकते. आमच्या गोंदियाकडे पौषांतल्या पहाटेखेरीज एवढा थंडावा कुठला!

यावर उपाय म्हणून या द्रवांत ट्रायमेथिल फॉस्फेटसारखीं फॉस्फरसयुक्त द्रव्यें मिसळतात. ज्योत ही एक साखळी असते. हायड्रोजनचे चंचल कण ती पुढें पुढें नेतात. तापलेल्या वाफेंत फॉस्फरसचे तुकडे त्या कणांना धरून ठेवतात. नवेगावच्या जंगलांत उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा काढतात, त्यांतलेंच हें तत्त्व: वणव्याला पुढचा पाला मिळूं द्यावयाचा नाहीं.

परंतु या उपायाची किंमत मोजावी लागते. द्रव्य थोडें घातलें तर ज्योत विझत नाहीं. पुष्कळ घातलें तर द्रव दाट होतो, आयन रेंगाळतात, आणि ग्राफाइटचे थर सुटून बॅटरीचें आयुष्य घटतें. टोकियोच्या संशोधकांनीं लवणाचें प्रमाण फार वाढवून ही अडचण दूर केली खरी. पण लवण महाग. फ्लोरिनयुक्त फॉस्फाझीन थोडक्यांत काम भागवितें, म्हणून माझा कल त्याकडे आहे.

तथापि ज्योत आणि उष्णता एक नव्हेत. ध्रुवांमधला पॉलिएथिलीनचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो, ध्रुव एकमेकांस भिडतात, आणि पुढचा ताप ज्वालारोधकास थोपवितां येत नाहीं. ज्वाळा दिसली नाहीं तरी विषारी वायु निघतच राहतो. वेल्लोरला घात झाला तो धुरानेंच. १ डिसेंबर २०२२ पासून सरकारनें बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या आहेत. तरी गाडी निजण्याच्या खोलींत किंवा घराच्या एकुलत्या एका दारांत चार्जिंगला लावूं नये, पडवीच्या मोकळ्या टोकाला लावावी.