प्रयोगशाळेतील उंदीर आणि आपले कर्तव्य



आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. तेव्हा जनुकशास्त्रावर आम्ही काय बोलणार, असे काहींना वाटेल. परंतु ज्या विषयाशी आपल्या लेकराबाळांचे आयुष्य जोडलेले आहे, तो केवळ तज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आजचा विषय आहे जनुक-संपादन करून प्रयोगशाळेत घडविलेल्या उंदरांचा.

परभणी जिल्ह्यातील माणसाला जनुक हा शब्द नवा नाही. २००२ साली बी.टी. कापसाला देशात मंजुरी मिळाली आणि तो आपल्या शिवारात आला. त्यात मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसाच्या झाडात घातलेले असते. जनुक-संपादन ही त्यापुढची पायरी होय. येथे बाहेरचे जनुक आणलेच पाहिजे असे नाही. जिवाच्या पेशीत जे मुळात लिहिलेले आहे, त्यातीलच अक्षर खोडता येते किंवा बदलता येते.

प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचा एक लांबलचक लेख असतो. त्याची अक्षरे फक्त चार. पण माणसाच्या लेखात ती सुमारे तीन अब्ज वेळा आलेली आहेत. त्या लेखातील एकेक परिच्छेद म्हणजे एकेक जनुक. हा लेख हव्या त्या ठिकाणी कापण्याचे साधन म्हणजे क्रिस्पर. जिवाणू आपल्यावर चालून आलेल्या विषाणूचा डी.एन.ए. या साधनाने तोडतात. इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की ते आपल्याला हवे तेथे नेमून वापरता येते. त्याबद्दल २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. यात दोन भाग असतात: एक वाटाड्या, जो नेमकी जागा शोधतो, दुसरी कात्री, जी तेथे काप घेते. काप पडला की पेशी तो घाईने सांधते आणि त्या गडबडीत जनुक निकामी होते. सोबत नवा मजकूर दिला तर तो तेथे लिहिलाही जातो.

मग उंदीरच का? माणसाच्या बहुतेक जनुकांना जोड असलेली जनुके उंदरात आहेत. मादीचा गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा आणि पिल्लू दोन महिन्यांत वयात येते. आपल्या घराण्याच्या चार पिढ्या पाहायला शंभर वर्षे लागतील, उंदराच्या पाहायला एक-दोन वर्षे पुरतात.

एखादे ठरावीक जनुक बंद केलेला उंदीर प्रथम १९८९ मध्ये तयार झाला. त्यामागच्या कामासाठी कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज या तिघांना २००७ चे नोबेल मिळाले. त्या पद्धतीने एक उंदीर घडवायला वर्ष आणि कधी त्याहून अधिक काळ लागे. क्रिस्परने तो काळ काही आठवड्यांवर, फार तर काही महिन्यांवर आणला. मादीचे नुकतेच फलित झालेले अंडे घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक काचेच्या सुईने त्यात वाटाड्या व कात्री सोडतात आणि ते अंडे दुसऱ्या मादीच्या पोटात वाढवतात. जन्मलेल्या पिल्लाच्या शेपटीचा वा कानाचा कण तपासून बदल झाला की नाही ते पाहतात. प्रत्येक पिल्लात तो होतोच असे नाही. कधी अर्ध्याच पेशींत होतो, कधी भलत्याच जागी काप पडतो. म्हणून पुढच्या पिढ्या तपासूनच उंदरांचा वाण पक्का करतात. हे काम परदेशातच होते असे नाही. पुण्याच्या आयसर या संस्थेत देशभरातील संशोधकांना असे उंदीर तयार करून देणारी राष्ट्रीय सुविधा आहे.

याचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे सिकलसेलचा. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. आदिवासी बांधवांत आढळतो, तसा विदर्भातील आपल्या समाजातही आढळतो. आपल्या सोयरिकी विदर्भापर्यंत जातात, हे सांगायला नको. या आजारात तीन अब्जांपैकी एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात.

उंदराला हा आजार निसर्गतः होत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी माणसाची हिमोग्लोबिनची जनुके उंदरात घालून, जुन्या पद्धतीने, सिकलसेलचा उंदीर घडविला. २०११ मध्ये अशाच उंदरांत 'बीसीएल-११ए' हे एक जनुक रक्तपेशींपुरते बंद करून पाहिले. तेव्हा जन्मानंतर बंद पडणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागले आणि आजार हटला. त्याच वाटेने क्रिस्परवर आधारलेली पहिली उपचारपद्धती सिद्ध झाली. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजुरी दिली.

आता अवघड प्रश्न. पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. मग मुद्दाम आजारी पडण्यासाठीच जन्माला घातलेला हा मुका जीव आपण कोणत्या तोंडाने मान्य करायचा? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. आम्हाला वाटते, येथे तीच कसोटी लावावी. पण गरज हा शब्द सोयीचा होता कामा नये. ती दर वेळी सिद्ध केली पाहिजे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत नैतिकता समितीची परवानगी लागते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन सूत्रे सांगितली: प्राण्याऐवजी दुसरा मार्ग असेल तर तो घ्या, प्राण्यांची संख्या कमी ठेवा, त्यांच्या वेदना कमी करा.

त्यात आम्ही चौथे सूत्र जोडू इच्छितो: फळ कोणाला मिळाले ते विचारा. कॅसजेव्हीची अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर ठरली, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक. आम्ही रोज आकडे लिहितो. एवढी रक्कम मजुरी करणाऱ्या बापाच्या पासबुकात सात जन्मांतही दिसणार नाही. ज्या आजारासाठी त्या उंदराने यातना सोसल्या, त्याच आजाराचा रुग्ण दारातच उभा राहत असेल, तर ती गरज अर्धवटच सिद्ध झाली असे आम्ही म्हणू. म्हणूनच दिल्लीच्या आय.जी.आय.बी. या शासकीय संस्थेने स्वस्तात उपचार करण्यासाठी विकसित केलेल्या 'बिरसा १०१' या स्वदेशी पद्धतीकडे आपले लक्ष हवे. ती सरकारी रुग्णालयातील गरिबापर्यंत पोहोचावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. उंदरात बदल अंड्यातच होतो, म्हणून तो त्याच्या पिल्लांत उतरतो. रुग्णाच्या बाबतीत फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशी बदलतात. त्याच्या मुलांकडे जुने अक्षरच जाऊ शकते. म्हणजे अठरा कोटींचा उपचार झाला तरी तपासणीची गरज सरत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. थेंबभर रक्ताची ती तपासणी लग्नाआधी करून घ्या. पत्रिका जुळविण्याचे आपण सोडले, रक्ताची तपासणी मात्र अंगीकारूया. वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्यावरून कोणत्याही मुलीला नाव ठेवू नका.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापाशी आणि नैतिकता समितीच्या खुर्चीवर, दोन्हीकडे आपली मुले-मुली बसलेली आम्हाला पाहायची आहेत. प्रज्ञा आणि करुणा यांची तेथे एकाच वेळी गरज आहे.