एकाला एकच उत्तर

मी तोफखान्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर बडोद्याला स्थायिक झालो. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवतो. आज तुम्हाला माझी एक चूक सांगायची आहे.

विषय होता फलन. काही पुस्तकं त्याला फल म्हणतात, आपण सगळे फंक्शन म्हणतो. एनसीईआरटीच्या पुस्तकांत तो रीतसर अकरावीत येतो, पण त्यातली कल्पना सातवीच्या मुलालाही कळते. मी फळ्यावर एक यंत्र काढलं. वरून ३ टाका, यंत्र दुप्पट करून १ मिळवतं, खालून ७ निघतात. मुलं खूश. महिनाभर आम्ही तक्ते भरत होतो.

मग एक दिवस मी दोन रकाने केले. एकात मुलांची नावं, दुसऱ्यात त्यांची उंची. विचारलं, ‘‘हे फलन आहे का?’’ अर्धा वर्ग म्हणाला, ‘‘नाही सर, सूत्र कुठे आहे?’’ हा दोष माझ्या यंत्राचा होता. सातवीतली एक मुलगी मात्र उभी राहिली. ‘‘आहे सर. प्रत्येकाला एकच उंची आहे.’’

मी यादीवर बोट ठेवलं. दोघांची उंची १४८ सेंटिमीटर होती. ‘‘दोघांना एकच उत्तर आलं. मग हे फलन कसं? बस खाली.’’ ती बसली. तास संपेपर्यंत तिने हात वर केला नाही.

रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं. तोफेचा कोन ठरला, दारू तीच, गोळा तोच, की पल्ला एकच मिळतो. पण हवेचा विरोध सोडून हिशेब केला, तर ३० अंशांना जो पल्ला मिळतो तोच ६० अंशांनाही मिळतो. डोंगराआडचं लक्ष्य असेल तर आम्ही मोठा कोन घेतो, कारण गोळा शिखरावरून पलीकडे जायला हवा. दोन कोन, एक पल्ला. तरीही पल्ला हे कोनाचं फलनच आहे. उलट, नुसता पल्ला सांगितला तर कोन कोणता, हे एकच एक सांगता येत नाही. हे मी वर्षानुवर्षं वापरलं होतं आणि मुलीला खाली बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर म्हणालो, ‘‘काल ती बरोबर होती. मी चुकलो.’’ मग खेळ केला. मी नाव घेतलं की त्या मुलाने उंची सांगायची. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं. मग मी उंची सांगायची आणि त्या उंचीच्या मुलाने उठायचं. १४८ म्हणताच दोघे उठले, एकमेकांकडे बघून हसले. नावावरून उंची हे फलन, उंचीवरून नाव हे नाही. व्याख्या मला लिहून द्यावी लागली नाही.

तेवढ्यात त्याच मुलीचा हात वर आला. ‘‘सर, त्या दिवशी जो आलाच नव्हता, त्याची उंची लिहिलेली नाही. मग?’’ फार चांगला प्रश्न. म्हणजे आधी ठरवायचं की यादीत कोण कोण धरलं आहे. त्यातल्या प्रत्येकाला उत्तर हवं, आणि एकच हवं.

सूत्राचा गैरसमज काही आपल्याच मुलांचा नाही. ऑयलरसारख्या गणितज्ञाने १७४८ च्या ग्रंथात फलन म्हणजे सूत्ररूप पदावली अशीच व्याख्या केली होती. १७५५ च्या ग्रंथात त्याने ती व्यापक केली: एक राशी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरीही बदलते, ते फलन.

म्हणून शिक्षकांना आणि घरी शिकवणाऱ्या आई-बाबांना माझं सांगणं आहे, सूत्राची घाई करू नका. आधी नावं आणि उंची, घरं आणि वीजबिलं घ्या, बाण काढायला लावा. कुठल्या नावापासून दोन बाण निघतात का, कुणी बाणाशिवाय राहिलं का, हे मुलांनाच शोधू द्या. दुप्पट अधिक एक नंतर आलं तरी चालतं. आणि मूल तुमच्याविरुद्ध बोललं, तर खाली बसवण्याआधी त्याचं कारण विचारा.