तापलेल्या धातूचे दान

पद्मनाभपुरापासून जवळच भिलाईचा पोलाद कारखाना आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापलेला लोखंडाचा रस भट्टीतून वाहू लागला, की त्याचे तेज डोळ्यांना दिसते आणि धग अंगाला जाणवते. परंतु त्या रसातून आणखीही काही बाहेर पडत असते, आणि ते कोणालाच दिसत नाही. ते म्हणजे इलेक्ट्रॉन.

धातूच्या अंतरंगात असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे हिंडत असतात. पृष्ठभाग हे मात्र त्यांचे कुंपण होय. उष्णता वाढली, की त्यांतील काहींच्या अंगी हे कुंपण ओलांडण्याचे बळ येते. बाहेर पडलेल्यांना हवेचे रेणू अडवतात आणि धनभारित झालेला धातूही मागे ओढतो. म्हणून भट्टीतले हे पलायन व्यर्थ जाते. त्यासाठी हवी निर्वात काचनळी आणि समोर धनभारित पट्टी.

एडिसनने १८८३ च्या सुमारास दिव्यात अशी पट्टी बसविली, तेव्हा मधल्या पोकळीतून वीज वाहताना त्याला आढळली. त्याने पेटंट मागितले; पण अर्थ उमगला नाही. उमगणार तरी कसा? इलेक्ट्रॉनचा शोध लागला तो १८९७ साली! पुढे रिचर्डसनने १९०१ मध्ये या घटनेचे गणित मांडले आणि त्याबद्दल त्याला १९२८ चे नोबेल पारितोषिक लाभले. ते गणित मोठे विलक्षण आहे. टंगस्टनच्या तारेचे तापमान २२०० केल्व्हिनवरून २४०० वर नेले, तर वाढ केवळ अकराव्या हिश्शाची. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मात्र आठपटींहून अधिक होतात.

एडिसनच्या दिव्यातून फ्लेमिंगने १९०४ मध्ये व्हॉल्व्ह घडविला. जुन्या रेडिओची कळ फिरविल्यावर आवाजासाठी क्षणभर थांबावे लागे, ते व्हॉल्व्हमधील धातू तापेपर्यंत. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि घरच्या रेडिओतील ते थांबणे संपले.

तरीही ती तापलेली तार निवृत्त झालेली नाही. मोडलेल्या हाडाचे क्ष-किरण चित्र घेताना आजही बहुधा अशीच तार प्रथम तापविली जाते. तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन समोरच्या धातूवर आदळतात आणि क्ष-किरण उमटतात. एडिसनला न उलगडलेले कोडे आज वैद्याच्या हाती दृष्टी होऊन आले आहे. न कळलेल्या गोष्टीचीही नोंद करून ठेवावी, ती एवढ्यासाठीच.