पाण्यात घाम येतो काय?



विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी पुष्कळांना हसू आले असेल. असा प्रश्न एखाद्या मुलाने घरी विचारला, तर "जा, अभ्यास कर" हेच उत्तर त्याला मिळण्याचा संभव अधिक. पण प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांच्या गावाला भातसा नदी लागून आहे त्या वाशिंदच्या आईबापांना तर त्याचे उत्तर ठाऊक असायलाच हवे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पाण्यात घाम येतो. मात्र तो आल्याचे बहुतेकांना कळत नाही.

आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. शरीराची उष्णता वाढली की मेंदूतून हुकूम सुटतो आणि या ग्रंथी पाझरू लागतात. तुम्ही शेतात आहात, रेल्वेच्या डब्यात आहात की नदीत आहात, याची चौकशी मेंदू करीत बसत नाही. हातपाय जोराने मारले की स्नायूंत उष्णता निर्माण होणारच. पाणी थंड असेल तर ते ही उष्णता झपाट्याने ओढून घेते. कारण हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट अधिक उष्णतावाहक आहे. अशा वेळी घाम थोडा येतो किंवा येतही नाही. १९५८ साली इंग्लिश खाडी पोहून गेलेल्या मिहिर सेन यांच्यापुढे संकट होते ते गारठ्याचे. पण पाणी कोमट असले आणि श्रम भरपूर असले, म्हणजे पोहणारासही घाम फुटतो. सराव करणाऱ्या जलतरणपटूंची पोहण्यापूर्वीची व नंतरची वजने करून हे पाहिलेले आहे. तासाला साधारण अर्ध्या लिटरच्या आत घाम जातो. जमिनीवर धावणाऱ्याच्या मानाने हा कमी, पण अगदीच नगण्य नव्हे.

मग तो जाणवत का नाही? याचे कारण मोठे मजेचे आहे. ओलेपणा ओळखणारी वेगळी नस आपल्या कातडीत नाहीच! गारवा आणि स्पर्श या दोहोंवरून मेंदू ओलेपणाचा अंदाज बांधतो. माझ्या भगिनींना याचा अनुभव आहे. पावसाळ्यात दोरीवरच्या कपड्याला हात लावला, तर तो दमट आहे की नुसताच गार आहे, हे कित्येकदा कळत नाही. मग आपण तो गालाला लावून पाहतो. एरवी घाम समजतो तो ओघळताना, सदरा अंगाला चिकटताना, वारा लागून गार होताना. नदीत अंग आधीच ओले, आणि आलेला घाम लगेच धुऊन जातो. मग कळावे कसे?

तरीही पाण्यातला घाम पाहायचा असेल तर त्याची जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. तेथे गळ्यापर्यंत बसलेल्या माणसाचे कपाळ पाहा. अंग पाण्यात आणि कपाळावर थेंब! कुणी म्हणेल की ती वाफ जमली आहे. शंका योग्य आहे, आणि निवाडा सोपा आहे. डोके भिजवू नये, बसण्यापूर्वी चेहरा स्वच्छ पुसावा, आणि थेंब ओठावर आला की चव पाहावी. वाफेच्या पाण्याला खारटपणा नसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. घाम आपल्याला थंड करतो तो वाळताना. एक ग्रॅम घाम वाळला की अंगातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता जाते. पाण्यात घाम वाळतच नाही. म्हणजे शरीरातले पाणी आणि मीठ खर्च होते, पण त्याचा मोबदला मिळत नाही. शिवाय पाण्याच्या दाबामुळे लघवी वाढते आणि तहान मात्र मंद होते. दोन तास नदीत डुंबून आलेला मुलगा "मला तहान नाही" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

आपल्या समाजातील कितीतरी घरांतले कर्ते मुलगे आखातात आहेत, म्हणून तिकडची एक घटना सांगतो. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे समुद्रात १० किलोमीटरची शर्यत झाली. पाणी तीस अंशांच्या आसपास होते. फ्रॅन क्रिपेन हा २६ वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू त्यात मरण पावला. हृदयदोष किंवा दमा, आणि त्यात प्रतिकूल परिस्थितीतील श्रम, अशी कारणे चौकशीत संभाव्य मानली गेली. पुढे जागतिक जलतरण संघटनेने खुल्या पाण्यातील शर्यतींसाठी ३१ अंशांची कमाल मर्यादा घातली. रोज कित्येक किलोमीटर पोहणाऱ्यांसाठी जर ही मर्यादा, तर आपल्या पोरांनी "पाण्यात ऊन लागत नाही" या भरवशावर का राहावे?

मे महिन्यात आसपासचे ओढे आटतात, पण भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेले पाणी याच नदीतून पिसे बंधाऱ्याकडे जाते. म्हणून सुट्टीत मुले इकडेच धावतात. त्यांना कोंडून ठेवा असे मी म्हणत नाही. पोहणे प्रत्येक मुलामुलीला यावे, असेच माझे मत आहे. मात्र बरोबर जाणते माणूस असावे, दुपारची वेळ टाळावी, निघण्यापूर्वी पाणी पाजावे आणि अर्ध्यापाऊण तासाने काठावर बोलावून पुन्हा पाजावे. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही चिन्हे दिसताच बाहेर काढून सावलीत बसवावे. गरम कुंडात दहा-पंधरा मिनिटे पुरे. उठताना सावकाश उठावे, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. हृदयविकाराच्या रुग्णांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुंडात उतरूच नये.

विद्यार्थी मित्रांनो, माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. बारीक वजन दाखवणारा काटा मिळवा. आधी लघवीला जाऊन या, मग वजन करा. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली अर्धा तास दमदार पोहा. मध्ये काही खाऊ-पिऊ नका, पाणी गिळू नका. बाहेर येऊन केससुद्धा नीट पुसा आणि तेवढ्याच कोरड्या कपड्यांत पुन्हा वजन करा. थोडी घट श्वासावाटेही होते, ती ध्यानात घ्या. आकडे वहीत मांडा आणि विज्ञानाच्या सरांना दाखवा. लगेच पोटभर पाणी प्या.