आणखी दोन वर्षं

मैत्रिणींनो, मुलगी इंजिनिअर झाली की घरच्यांना वाटतं, शिक्षण संपलं. तिला मात्र माहिती तंत्रज्ञानात एम.टेक. करायचं असतं. म्हणजे आणखी दोन वर्षं! गेट परीक्षेचे गुण तीन वर्षं चालतात, आणि नेमकी याच वर्षांत स्थळं बघितली जातात.

पालकांशी मी आधी पैशाचंच बोलते. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतला, तर ए.आय.सी.टी.ई.ची दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती असते, तीही थेट तिच्या खात्यात. (ते खातं कोण चालवतं, हेही जरा पाहा.)

खरी ओढाताण दुसऱ्या वर्षी. तेव्हा वर्गापेक्षा प्रबंधाचं काम जास्त. प्रोग्रॅम चालवून पाहायचा, चुकला की पुन्हा. हे काम संध्याकाळी सातला थांबत नाही. वसतिगृहाचं दार मात्र बंद होतं. लग्न झालेलीला दिवस गेले तर हजेरीचा प्रश्न. डिसेंबर २०२१मध्ये यू.जी.सी.ने विद्यापीठांना पत्र लिहून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे, हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला सांगितलं. आपापल्या विद्यापीठात ते झालेत का, हे कुलसचिवांना लेखी विचारू या. आलेली उत्तरं पुढच्या बैठकीला घेऊन या.